अनोळखी मोर्स बीकन: ओळखण्याआधी मोजा

शॉर्टवेव्हवर डायल फिरवताना खरखरीतून एकच अक्षर पुन्हा पुन्हा वाजताना ऐकू येतं. नाव नाही, पत्ता नाही, निरोप नाही. ऐकणारा लगेच नोंद टाकतो, 'नवा गूढ बीकन, ८४९४ किलोहर्ट्झ.' बीकन म्हणजे मोर्सच्या टिंब-रेघांतली एक ठरलेली खूण सतत पाठवत राहणारा प्रक्षेपक. अशा दहा नोंदी तपासल्या तर बहुतेकींमध्ये बीकन जुनाच निघतो आणि आकडा चुकलेला असतो. कधी अक्षर चुकलेलं असतं, कधी वेळ, आणि कधी तर हवेत सिग्नलच नसतो, तो रिसीव्हरच्या पोटात जन्मलेला असतो.

चूक ऐकण्यात क्वचितच असते. ती असते क्रमात. आधी नाव ठरवायचं आणि मग त्याला जुळेल असं ऐकायचं, ही सवय मोडण्यासाठी खालचे टप्पे दिले आहेत. ते याच क्रमाने घ्या, आणि सहाव्या टप्प्याआधी कुठलीही यादी उघडू नका.

## टप्पा १: रिसीव्हर लावण्याआधी

एसएसबी (सिग्नलची एकच बाजू ऐकण्याची सोय) नसलेला साधा एएम रेडिओ इथे कामाचा नाही. त्यावर मोर्सचा सूर ऐकूच येत नाही. खरखर मधूनच दबते आणि पुन्हा वर येते, एवढंच. यूएसबी मोड (सिग्नलची वरची बाजू ऐकवणारा, संगणकाची खाच नव्हे) आणि १० हर्ट्झपर्यंत वाचता येणारा आकडा असलेला रिसीव्हर हवा. तो टेबलावरचा असो, संगणकाला जोडलेला एसडीआर (सॉफ्टवेअरवर चालणारा रिसीव्हर) असो की इंटरनेटवरून चालवायचा किवीएसडीआर, काही बिघडत नाही.

मग ही बटणं पाहा.

- ऑटो नॉच बंद. एकसुरी शिट्टी शोधून कापणं हेच त्याचं काम, आणि मोर्स म्हणजे एकसुरी शिट्टीच. तो लांब रेघेची शेपटी खातो, रेघेचं टिंब होतं आणि अक्षर बदलतं.
- नॉइज रिडक्शन आणि नॉइज ब्लँकर बंद.
- एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) जलद ठेवा किंवा बंद करून गेन हाताने सांभाळा. मंद एजीसीत जोरदार रेघेनंतरचं हलकं टिंब दबून जातं.
- घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आणि इंटरनेटवरून जुळवलेलं. दूरच्या रिसीव्हरवर ऐकत असाल तर आवाज तुमच्यापर्यंत थोडा उशिरा पोचतो, तेवढा फरक धरा.

आता सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम, डायलचा खरेपणा तपासणं. १०००० किलोहर्ट्झवर डब्ल्यूडब्ल्यूव्हीसारखी प्रमाणवेळ केंद्रं असतात. एकावेळी दोन-तीन ऐकू आली तरी हरकत नाही, कारण सगळीच अचूक असतात. यूएसबीत डायल ९९९९.००० वर ठेवा. सूर नेमका १००० हर्ट्झचा यायला हवा. तो १०१२ आला तर तुमचा रिसीव्हर १० मेगाहर्ट्झवर १२ हर्ट्झ जास्त दाखवतो, म्हणजे १.२ पीपीएम (दहा लाखांत १.२). ही चूक फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते, ५ मेगाहर्ट्झवर ६ हर्ट्झ आणि २० वर २४. पहिल्या पानावर हा आकडा लिहून ठेवा. संगणकात खोचायच्या स्वस्त एसडीआर डोंगलमध्ये चूक ५० पीपीएमपर्यंतही असू शकते, म्हणजे १० मेगाहर्ट्झवर ५०० हर्ट्झ. पुढे दिसेल की ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात पाच-सहा वेगवेगळे बीकन मावतात.

तपासणी: रिसीव्हर अर्धा तास चालू ठेवून तापू द्या आणि मोजमाप पुन्हा घ्या. दोन आकड्यांत फरक आला तर दुसरा खरा.

## टप्पा २: सिग्नल हवेतला आहे ना?

सूर ऐकू आला म्हणजे तिथे प्रक्षेपक आहेच असं नाही. तीन परीक्षा घ्या.

पहिली ॲटेन्युएटरची, म्हणजे सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणाऱ्या बटणाची. १० डेसिबल लावा. खरा सिग्नल १० डेसिबलनेच खाली येतो. तो २० किंवा ३० ने कोसळला, तर जवळच्या जोरदार केंद्रांनी रिसीव्हर गुदमरला आहे आणि हा सूर त्यांची आतल्या आत झालेली भेसळ आहे.

दुसरी प्रतिमेची. आरटीएल-एसडीआर डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगमध्ये चालवलं तर सगळं १४.४ मेगाहर्ट्झभोवती आरशासारखं उलटतं. १४.१ वरचा सिग्नल १४.७ वरही दिसतो. हौशी रेडिओवाल्यांच्या पट्ट्यातला साधा बीकन असा भलत्या जागी सापडून अनेकांची रात्र गेली आहे.

तिसरी सोपी आणि सर्वांत भक्कम. शेकडो किलोमीटर दूरच्या दुसऱ्या रिसीव्हरवर तोच ठेका ऐका. तिथे काहीच नसेल तर आधी घरातले चार्जर, दिवे, राऊटर एकेक करून बंद करा. सेकंदाला एक याप्रमाणे टकटक येत असेल तर ते जवळपासचं विजेचं कुंपण असू शकतं. आणि झर्रकन वर चढत जाऊन नाहीशी होणारी शिट्टी ही आयनांबर (शॉर्टवेव्ह परतवणारा वातावरणाचा वरचा थर) मोजणाऱ्या यंत्राची असते. ती बीकन नाही.

ऐकलेल्या आकड्याच्या निम्म्यावर आणि एक तृतीयांशावरही एक फेरी मारा. कधीकधी आपण मूळ सिग्नल सोडून त्याच्या हार्मोनिकवर (दुप्पट-तिप्पट फ्रिक्वेन्सीच्या प्रतिध्वनीवर) बसलेलो असतो.

सावधान: वॉटरफॉलवर (सिग्नल वेळेनुसार सरकत्या चित्रात दाखवणाऱ्या पडद्यावर) मधली रेघ अखंड आणि मोर्स तिच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दिसत असेल, तर वाहक लहर चालूच आहे आणि फक्त सूर तुटतो आहे. विमानांसाठीचे दिशादर्शक बीकन असेच असतात. त्यांचं घर १९० ते ५३५ किलोहर्ट्झ. शॉर्टवेव्हवर ते दिसले तर दुसऱ्या टप्प्याची पहिली परीक्षा पुन्हा घ्या.

## टप्पा ३: फ्रिक्वेन्सी, म्हणजे डायल नव्हे

नव्वद टक्के गोंधळ इथे होतो असं माझं मत आहे. मोजून पाहिलेलं नाही, पण स्वतः केलेल्या चुका मोजल्या आहेत. मी एकदा ८४९४.० वर 'डी' ऐकला, तसाच लिहिला आणि तीन रात्री नव्या बीकनच्या आनंदात काढल्या. डायल ८४९४.० वर होता हे खरं, पण कानात ७०० हर्ट्झचा सूर होता. बीकन ८४९४.७ वर होता, बरीच वर्षं, सगळ्यांना माहीत असलेला.

नियम असा. यूएसबीत खरी फ्रिक्वेन्सी म्हणजे डायल अधिक सूर. एलएसबीत (खालची बाजू ऐकवणारा मोड) डायल वजा सूर. सीडब्ल्यू मोडवर (खास मोर्ससाठीच्या) विसंबू नका. काही संच त्यात ठरलेला पिच मिळवून दाखवतात, काही दाखवत नाहीत, आणि दाखवणारेही सूर त्या पिचशी जुळला असेल तेव्हाच खरं बोलतात. यूएसबी लावा आणि बेरीज स्वतः करा.

१. डायल गोल आकड्यावर ठेवा, सूर ६०० ते १२०० हर्ट्झच्या मध्ये येईल असा.

२. आवाज संगणकावर घ्या आणि स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये सुराचा आकडा वाचा. १ हर्ट्झपर्यंत वाचायचं तर निदान १ सेकंदाची खिडकी लागते, ५ सेकंदांची बरी. साउंड कार्डाच्या चुकीची चिंता नको. १००० हर्ट्झवर ती एक दशांश हर्ट्झच्या आसपास असते.

३. मधलं शिखर निवडा. मोर्समधल्या चालू-बंदमुळे दोन्ही बाजूंना छोटी शिखरं उगवतात. जलद वेगाच्या टिंबांमध्ये ती मधल्यापासून ८-१० हर्ट्झवर असतात. घाईत त्यांतलंच एखादं वाचलं जातं.

४. डायलमध्ये सूर मिळवा, पहिल्या टप्प्यातली चूक वजा करा.

५. पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. एखाद-दुसऱ्या हर्ट्झची हालचाल आयनांबराची, ती सोडून द्या. पण दर तासाला वीस-तीस हर्ट्झ सरकत असेल तर प्रक्षेपक उघड्यावर, ऊन-थंडी खात उभा आहे. हा मोठा धागा आहे, लिहून ठेवा.

तपासणी: डायल ३०० हर्ट्झ हलवून सगळी बेरीज पुन्हा करा. उत्तर तेच यायला हवं. आलं नाही तर तुम्ही मोड चुकीचा समजला आहात.

नोंदीत आकड्यापुढे खात्रीही लिहा, '५१५३.७, अधिक-उणे २० हर्ट्झ'. अशा नोंदीमुळे पुढच्या माणसाला शोधायला सोपं जातं.

## टप्पा ४: ठेका कागदावर, अक्षर नंतर

अक्षर लिहायची घाई करू नका. पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्या, ध्वनिसंपादकात उघडा आणि टिंब, रेघ, मोकळी जागा जशी दिसते तशी उतरवा.

घाई का नको? एकच आकृती न थांबता फिरत राहिली की तिची सुरुवात कुठे हे कानाला कळत नाही. रेघ-टिंब-टिंब हे 'डी'. तीच साखळी दुसऱ्या टिंबावरून धरली तर टिंब-रेघ-टिंब, म्हणजे 'आर'. पहिल्या टिंबावरून धरली तर टिंब-टिंब-रेघ, म्हणजे 'यू'. 'एफ' फिरवला की 'एल', 'बी' आणि 'व्ही' निघतात. 'के' फिरवला की 'जी' आणि 'डब्ल्यू'. 'पी' मध्ये 'झेड' आणि 'एक्स' लपलेले आहेत. अशा तऱ्हेने एका बीकनचे तीन-चार 'नवे' बीकन होतात आणि प्रत्येकाला एक शोधकर्ता मिळतो.

यावर उपाय म्हणजे मोकळ्या जागा मोजणं. नियमाने रेघ टिंबाच्या तिप्पट असते, अक्षराच्या आतली जागा एका टिंबाएवढी, दोन अक्षरांमधली तीन टिंबांची आणि दोन शब्दांमधली सात टिंबांची. संपादकात सगळ्यात मोठी जागा शोधा. अक्षर तिच्यानंतर सुरू होतं. सगळ्या जागा खरोखरच सारख्या असतील तर अक्षर लिहूच नका, आकृती लिहा.

वेग काढायला टिंबाची लांबी मिलिसेकंदांत मोजा आणि १२०० ला तिने भागा. ८० मिलिसेकंदांचं टिंब म्हणजे मिनिटाला १५ शब्द. आवर्तनाचा काळ काढताना एक आवर्तन मोजू नका, वीस मोजून वीसने भागा.

आकृती इंग्रजी मोर्समध्ये बसत नसेल तर ती लगेच चुकीची ठरत नाही. टिंब-रेघ-टिंब-रेघ आणि टिंब-टिंब-रेघ-रेघ ही रशियन मोर्समधली अक्षरं आहेत, 'या' आणि 'यू'. आकड्यांच्या जागी अक्षरं येत असतील तर ती आखूड केलेले आकडे असू शकतात, शून्यासाठी 'टी', नऊसाठी 'एन', एकसाठी 'ए'.

सावधान: आपोआप मोर्स वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं उत्तर पुरावा म्हणून जोडू नका. त्याला नुसती खरखर दिली तरी तो 'ई', 'टी', 'आय', 'एस' अशी लांबलचक माळ ओवून देतो.

सुराचा पोतही टिपा. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला सूर घसरत असेल तर वीजपुरवठा अशक्त आहे, बहुधा बॅटरीवरचा. अक्षरांमधल्या जागा कमी-जास्त असतील तर हात माणसाचा आहे. आणि कधी प्रक्षेपक बंद होतच नाही, तो दोन जवळच्या सुरांमध्ये उड्या मारतो. तिथे चुकीचा सूर धरला तर टिंबांच्या जागी पोकळ्या आणि पोकळ्यांच्या जागी टिंबं ऐकू येतात. वॉटरफॉलवर दोन समांतर तुटक रेघा दिसल्या की दोन्ही उतरवून पाहा.

## टप्पा ५: तिथेच बसा

निदान अर्धा तास. 'एकदा आला आणि गायब झाला' या नोंदींमागे बहुतेक वेळा अपुरा वेळ असतो.

हौशी प्रक्षेपकांच्या आंतरराष्ट्रीय बीकन योजनेत १८ केंद्रं १४१००, १८११०, २११५०, २४९३० आणि २८२०० किलोहर्ट्झवर पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाला १० सेकंद मिळतात आणि फेरी ३ मिनिटांची असते. त्यात एकदा नाव येतं आणि मग चार लांब रेघा, शक्ती १०० वॉटपासून ०.१ वॉटपर्यंत उतरत जाणाऱ्या. दूरचं केंद्र असेल तर नाव आणि एखादीच रेघ कानावर पडते. मग तो 'विचित्र, मध्येच विझणारा बीकन' होतो.

मॉस्कोचं प्रमाणवेळ केंद्र आरडब्ल्यूएम ४९९६, ९९९६ आणि १४९९६ वर असतं. ते आपलं नाव मोर्समध्ये सांगतं फक्त तासाच्या ९व्या आणि ३९व्या मिनिटाला. बाकी वेळ नुसती वाहक लहर, ठोके किंवा शांतता. नेमकं त्या मिनिटाला पोचलात तर बीकन वाटणारच.

याउलट काही सिग्नल इतके सावकाश असतात की कानाला ते मोर्स वाटतच नाहीत. त्यांचं एक टिंब ३, ६ किंवा १० सेकंदांचं असतं. १०१४० च्या आसपास असे बरेच सापडतात. ते कानाने वाचायचे नसतात, वॉटरफॉल मंद करून डोळ्यांनी वाचायचे असतात.

## टप्पा ६: आता यादी उघडा

हातात फ्रिक्वेन्सी, आकृती, वेग, आवर्तन आणि पोत आहे. आता ताडून पाहा, आणि तेही सर्वांत सामान्य शक्यतेपासून.

सुरुवात एकाक्षरी रशियन नौदल बीकनांपासून करा, कारण अनोळखी म्हणून सर्वांत जास्त वेळा तेच पकडले जातात. निरीक्षकांच्या एनिग्मा यादीत त्यांची खूण 'एमएक्स'. ते गटाने राहतात. गटांची केंद्रं ३५९४, ४५५८, ५१५४, ७०३९, ८४९५, १०८७२, १३५२८, १६३३२ आणि २००४८ किलोहर्ट्झच्या जागी. प्रत्येक गटात अक्षरं १०० हर्ट्झच्या अंतराने ओळीने बसलेली असतात. केंद्राच्या ३०० हर्ट्झ खाली 'डी', मग 'पी', 'एस', नेमक्या केंद्रावर 'सी', वर 'ए', 'एफ', 'के' आणि ४०० हर्ट्झ वर 'एम'. निरीक्षक 'डी' सेव्हास्तोपोलला, 'पी' कालिनिनग्राडला, 'सी' मॉस्कोला, 'एफ' व्लादिवोस्तोकला, 'के' पेत्रोपाव्लोव्स्क-कामचात्स्कीला आणि 'एम' मगादानला जोडतात. ५०० हर्ट्झच्या फिल्टरमध्ये हे तीन-चार एकदम वाजतात आणि त्यांची भेसळ भलतंच अक्षर ऐकवते. फिल्टर १०० हर्ट्झच्या आत आणा. तिसरा टप्पा १० हर्ट्झपर्यंत का न्यायचा ते इथे कळतं. जागा आणि अक्षर एकमेकांना दुजोरा देतात. ७०३८.७ वर 'यू' ऐकू आला तर आधी चौथ्या टप्प्याकडे परत जा.

यात जुळलं नाही तर पुढच्या शक्यता.

'व्हीव्हीव्ही', 'सीक्यू' किंवा 'डीई' येत असेल तर तो बीकनच नाही. ते किनारी किंवा नौदल केंद्र आहे, वाहिनी अडवून बसलेलं. 'डीई' म्हणजे 'कडून', त्याच्या नंतरचं नाव पाहा. पहिली अक्षरं देश सांगतात, जसं एक्सएस चीन, एचएल दक्षिण कोरिया. नौदलांची अंतर्गत नावं मात्र या नियमात बसत नाहीत.

१.६ ते ४ मेगाहर्ट्झमध्ये दोन-तीन अक्षरं, मग एक लांब रेघ आणि मग मोठी शांतता, असं असेल तर मासेमारीच्या जाळ्यांना बांधलेले तरंगते बोये आठवा. ती लांब रेघ बोटीला दिशा शोधता यावी म्हणून असते.

१३५५३ ते १३५६७ किलोहर्ट्झ हा पट्टा काही देशांत अत्यल्प शक्तीच्या परवानामुक्त यंत्रांसाठी मोकळा आहे. तिथल्या क्षीण सिग्नलमागे बहुधा एखादा हौशी माणूस असतो. आणि दिवसा बोलणारा, संध्याकाळी सूर घसरवत झोपणारा बीकन सौर पट्टीवरचा असण्याची शक्यता दाट.

## टप्पा ७: जागा शोधताना

इथे नकाशा हातात येतो आणि भलभलते लोक हेर होतात.

पहिली चूक, जिथे जोरात ऐकू येतो तिथेच प्रक्षेपक आहे असं धरणं. १६ मेगाहर्ट्झवर प्रक्षेपकाच्या भोवतीचा मोठा पट्टा बहिरा असतो. सिग्नल डोक्यावरून उडून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतो. सगळ्यात जोरदार रिसीव्हर सगळ्यात जवळचा नसतो.

दुसरी चूक, वेळेच्या फरकावरून जागा काढणाऱ्या टीडीओएची चित्रं जशीच्या तशी मानणं. किवीएसडीआर जीपीएसच्या घड्याळावर चालतात, त्यामुळे एकाच सिग्नलच्या पोचण्यातला फरक मोजता येतो, आणि १ मिलिसेकंद म्हणजे ३०० किलोमीटर. पण हा फरक किती बारकाईने मोजता येतो ते सिग्नलच्या रुंदीवर ठरतं. मोर्सचा सिग्नल जेमतेम १०० हर्ट्झ रुंद. त्याची धार मिलिसेकंदांच्या हिशोबात बोथटच. त्यात आयनांबरातून एक उडी घेतलेला आणि दोन उड्या घेतलेला सिग्नल एकत्र पोचतात. नकाशावरचा लाल ठिपका कित्येकशे किलोमीटर इकडेतिकडे असू शकतो.

तरी करायचंच असेल तर असं करा.

१. सहा-सात रिसीव्हर संशयित जागेच्या चारही बाजूंना निवडा, एका रांगेत नव्हेत.

२. फिल्टरमध्ये फक्त तुमचाच सिग्नल राहू द्या.

३. एक चित्र काढून थांबू नका. वेगळ्या वेळी, वेगळ्या रिसीव्हरांवर निदान पाचदा काढा.

४. पाचही चित्रं एकाच प्रदेशावर पडली तर प्रदेश लिहा. गाव लिहू नका.

माझा भर दुसऱ्याच युक्तीवर असतो. ३ ते ४ मेगाहर्ट्झवर भर दुपारी कुठले रिसीव्हर ऐकतात ते पाहा. दुपारी आयनांबराचा खालचा थर हा पट्टा गिळून टाकतो, त्यामुळे तेव्हा ऐकणारे रिसीव्हर साधारण काहीशे किलोमीटरच्या आतलेच असतात. मग तो बीकन पहाटे कुठे, किती वाजता विझतो ते लिहा. दोन आठवड्यांच्या अशा नोंदी एका रंगीत नकाशापेक्षा जास्त सांगतात.

सावधान: त्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर म्हणून काहीही प्रक्षेपित करू नका, गंमत म्हणूनही नाही. हौशी परवाना असला तरी यांतल्या बहुतेक जागा हौशी पट्ट्याबाहेरच्या आहेत.

## टप्पा ८: नोंद

दोन रकाने करा, 'ऐकलं' आणि 'वाटतं'. एकातलं दुसऱ्यात सांडू देऊ नका. नमुना असा.

ऐकलं: तारीख, १८४० ते १९१५ यूटीसी. ४५५७.७ किलोहर्ट्झ, अधिक-उणे १० हर्ट्झ. यूएसबी, डायल ४५५७.०, सूर ७०० हर्ट्झ. रेघ-टिंब-टिंब, सर्वांत मोठी जागा शेवटच्या टिंबानंतर. सूर स्वच्छ, न घसरणारा. दूरच्या दोन रिसीव्हरांवर दुजोरा, तिसऱ्यावर काही नाही.

वाटतं: एकाक्षरी गटातला 'डी'.

'तिसऱ्यावर काही नाही' हे मुद्दाम लिहिलं आहे. ऐकू न आल्याच्या नोंदी जवळजवळ कुणीच ठेवत नाही, आणि बीकन बंद झाला की फक्त आयनांबराने गिळला हे त्यांच्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी ज्या जागा तपासल्या आणि रिकाम्या मिळाल्या त्याही वेळेसकट लिहा. ध्वनिमुद्रणाच्या फाइलला नाव देताना तारीख, यूटीसी वेळ आणि डायलचा आकडा घाला, आणि त्याच यूटीसी वेळेला सात दिवसांनी पुन्हा बसा.